फळ्यावरचा उत्तमसिंग

नानाजी सरांनी डस्टरने फळ्यावरचा उत्तमसिंग पुसला आणि त्या जागी डोंगरसिंग लिहिला. 'डोंगरसिंग इज अ टॉल मॅन. ही सिंग्ज वेल.' गावातला डोंगरसिंग बुटका होता आणि गाण्याशी त्याच्या सात पिढ्यांचा संबंध नव्हता, हे सातवीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. खिडकीजवळची रंजिता उठली, तिने दप्तर उचललं आणि सरांना न विचारता ती वर्गाबाहेर निघून गेली.

उत्तमसिंग तिचा बाप. तांड्यावरचा मजूर, लोकांच्या कपाशीवर रोजाने फवारणी करायचा. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंपातलं औषध तोंडावर, अंगावर उडायचं आणि गावोगावची माणसं आजारी पडत होती. पोळा झाल्यावर उत्तमसिंगला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तो काही परतला नाही. दिवाळीची सुट्टी संपली आणि त्यानंतर रंजिता शाळेत आली ती आज. तिच्या डोळ्यांसमोर बापाचं नाव नको, एवढाच सरांचा विचार होता. माणूस भला, पण कुणाच्या डोळ्यात पाणी दिसलं की त्याची भंबेरी उडायची.

सरांचं आणि इंग्रजीचंही फारसं सख्य नव्हतं. कॉलेजात असताना इंग्रजीनेच नापास करून त्यांना दोनदा घरी बसवलं होतं. म्हणूनच असेल, पण झरी जामणीकडच्या या पोरांची भीती त्यांना बरोबर कळायची. पुस्तकातला जॉन काय करतो याच्याशी तांड्यातल्या पोराला काय देणंघेणं? सरांनी जॉनला कायमची रजा दिली आणि नामाच्या जागी गावातलीच माणसं आणून बसवली. पहिल्या वाक्यात माणूस नावानिशी यायचा, दुसऱ्या वाक्यात नावाऐवजी सर्वनाम. पोरांना ते चटकन उमगलं आणि गावाला त्याची चटक लागली. वाक्यात एकच म्हैस लिहिली म्हणून मानीबाई शाळेत येऊन भांडून गेली होती, कारण तिच्याकडे दोन होत्या. उत्तमसिंगची तर ऐट विचारू नका. होळीला लेंगी गायला उभा राहिला की तो आधी सांगायचा, आपलं गाणं इंग्रजीत पोचलेलं आहे.

रंजिता त्यानंतर शाळेत आलीच नाही. ती आईबरोबर कापूस वेचताना दिसते, असं पोरांनी सरांना सांगितलं. एकदा वेचणीला गेलेली पोरगी पुन्हा बाकावर बसत नाही, हे त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं होतं. आणि रंजितावर त्यांचा जीव होता. खडू थांबायच्या आत पुढचं वाक्य सांगणारी वर्गात ती एकटी.

रविवारी सकाळी ते सायकल दामटत तांड्यावर गेले. रंजिताच्या आईने, जमनाबाईने, खाट टाकली, पाणी दिलं. रंजिता दाराआड उभी राहिली, बाहेर काही आली नाही. सरांनी वसतिगृहाचं सांगितलं, नर्सच्या शिक्षणाचं सांगितलं, पोरगी हुशार आहे हे तीन-तीनदा सांगितलं. जमनाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी रंजिताच्या बापाले फळ्यावरून काहून पुसलं?" तिने विचारलं.

सर गडबडले. "मले वाटलं, पोरीले रडू येईन."

"ते तं घरी बी रडते. रडू द्या ना तिले." तिच्या आवाजात राग नव्हता. "सायेब लोक आले, ते मयत मयत म्हनून गेले. तांड्यातले म्हनते, फवारनीतला तो. त्याईचं नाव आता कोनी घेत नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, तं मले बी घेता येत नाही. एक तुमच्या फळ्यावर होतं, ते तुमी मिटवलं."

आपण त्या पोरीला सांभाळत नव्हतो, आपण स्वतःलाच सांभाळत होतो, हे सरांना त्या खाटेवर बसल्या बसल्या लख्ख कळलं. उठताना ते एवढंच म्हणाले, की उद्या पोरीला पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही या.

सोमवारी वेचणीला जाता जाता जमनाबाई आली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली होती. चपला बाहेर काढून ती दारातच थांबली. सरांनी डोंगरसिंगला पुसलं आणि मोठ्या, गोल अक्षरांत उत्तमसिंग लिहिला. रंजिताने उभं राहून दोन्ही वाक्यं वाचली. दुसऱ्या वाक्याला ती रडली. सर जागचे हलले नाहीत. तिने डोळे पुसले, ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि मग ती खाली बसली.

जमनाबाई आत येऊन फळ्यापाशी उभी राहिली. "त्याईचं नाव कोनतं?"

सरांनी नावाखाली बोट धरलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नाव बघून घेतलं.

"अन् खालच्या ओळीत ते नाही का?"

"हायेत ना. हा 'ही' म्हनून बारका शब्द दिसते, तो बी तेच." सर सांगू लागले. "नाव पुन्हा घ्यायचं नसलं, तं त्याच्या जागी हा लिहितात."

उभ्या संसारात जिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती, तिला याहून अधिक समजावून सांगायची गरज पडली नाही.

"म्हनजे, माह्यावानी," ती म्हणाली.

वरच्या नावाला तिने हात लावला नाही. खालच्या त्या बारक्या शब्दावर तिने बोट अलगद टेकवलं आणि क्षणभर तसंच ठेवलं. मग पोरीकडे एकदा बघून ती चपला घालून वेचणीला गेली.