गरम गिऱ्हाईक

“हिला गरममध्ये टाका,” करणभैया टीव्हीकडे बोट करून म्हणाला, आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

काष्टीत आमचं गायींच्या धारा काढायच्या मशीनचं दुकान आहे. आमचं म्हणजे आबासाहेबांचं. मी तिथे फोनवर बसते. करणभैया त्यांचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. आल्या आल्या त्याने दुकानाच्या दर्शनी भिंतीवर भला थोरला टीव्ही ठोकला आणि त्यावर बोर्ड सुरू केला. एकेका गिऱ्हाइकाची एकेक चिठ्ठी, आणि रकाने पाच: नवीन, फोन केला, गरम, थंड, विकलं. दुकानाचा फिरता माणूस गहिनीनाथ मोटारसायकलवर वाड्यावस्त्या फिरणार, मोबाईलमध्ये माहिती भरणार, की इकडे टीव्हीवर चिठ्ठी उगवली. मग मी फोन करायचा आणि चिठ्ठी माउसने ओढत पुढच्या रकान्यात नेऊन सोडायची. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरंच वाटलं होतं. कुणाला पुन्हा कधी फोन करायचा ते डोक्यात ठेवावं लागत नव्हतं, आणि आबासाहेबांची बोलणीही वाचली होती.

मग भैयाने चिठ्ठीत ‘अडचण’ नावाचा खण घातला.

“माणूस मशीन का घेतो, विजूताई? अडलेला असतो म्हणून. कुठे अडलाय ते कळलं की अर्धी विक्री झाली समजा.”

गहिनीनाथ खण भरू लागला. सून माहेरी निघून गेली. म्हाताऱ्याला लकवा. गडी पळाला. बाळंतीण अजून उठत नाही. सगळ्या तालुक्याची दुखणी भिंतीवर लागली, आणि भैया रोज सकाळी त्यांच्यापुढे उभा राहून हात चोळायचा. लकवा झाला म्हणजे गरम. पळालेला गडी परत आला की थंड. मला शिसारी यायची. पण मी मान खाली घालून फोन लावत होते, हेही तितकंच खरं.

त्या दिवशीची चिठ्ठी अशी होती: रतनबाई भिमाजी, मळ्यातली वस्ती. गायी सात. अडचण: छातीत कॅन्सरची गाठ, ऑपरेशन झालं, उजव्या हाताने धार निघत नाही.

गहिनीनाथ दारातच हेल्मेट पुसत उभा होता. मी त्याला बाजूला ओढलं.

“मेल्या, हे तुला कुणी सांगितलं?”

“त्यांच्या मालकानी. गोठ्यात बसून रडाय लागलं हो बिचारं.”

“आन तू त्ये हितं भरलंस?”

“खण मोकळा सोडला की चिठ्ठीच घेत न्हाई त्ये, ताई. मी काय करू?”

त्याच्या तोंडाकडे बघवेना. माणूस रडत सांगतो आणि हा अंगठ्याने टाइप करतो! पण त्याला तरी किती बोलायचं. फोन तर मलाच करायचा होता.

मी दुकानाच्या मागे गेले आणि तिथून फोन लावला. ऑपरेशनचा शब्द काढताच रतनबाईंनी आवाज एकदम दाबला.

“अगं बया! तुमाला कुणी सांगितलं?”

“तुमचं मालक आमच्या माणसापाशी बोललं, मावशी.”

“ह्या माणसाच्या पोटात काय म्हणून ऱ्हात न्हाई.” मग दार लोटल्याचा आवाज आला. “ताई, तुमच्या पाया पडते. आमच्या पोरीचं, संस्कृतीचं जमतंय. जामखेडकडचं पाव्हनं हायेत, सोमवारी सुपारी फोडाय येणार हायेत. आयेला ह्यो रोग हाय म्हनलं की उद्या पोरीला बी व्हनार म्हणत्यात लोक. गावात मी हात मुरगाळलाय म्हणून सांगितलंय. सख्ख्या जावंला म्हाईत न्हाई.”

“माझ्या तोंडातनं जाणार न्हाई.”

“शबुद?”

“शबुद, मावशी.”

“सुपारी फुटू द्या. मंग मीच येते मशीन न्यायला,” ती म्हणाली आणि तेवढ्यातही जरा हसली.

लपवणं बरोबर की चूक, ते ठरवणारी मी कोण? घरोघरी हेच चालतं. पोरीचं जमेपर्यंत आई खोकलासुद्धा दाबते. मी येऊन चिठ्ठी ओढली आणि थंडमध्ये टाकली. अडचण पुसायला गेले, तर ते फक्त भैयाला पुसता येत होतं.

“भैया, एवढं पुसा. बाईचं झाकलेलं दुखणं आहे. मुलीचं लग्न जमतंय तिच्या.”

“ताई, तेच तर आपलं लीड आहे, त्यावरच तर मशीन विकलं जाणार. आणि इथे वाचायला कोण बसलंय?” असं म्हणत त्याने चिठ्ठी उचलून परत गरममध्ये ठेवली. वर मला सांगितलं, “कस्टमरच्या घरगुती गोष्टीत आपण शिरायचं नाही.”

घ्या! आणि हे सांगणारा कोण, तर ज्याने तिची छाती भिंतीवर टांगली तो.

शनिवारी बाजार. काष्टीच्या बाजाराला गाय बघायला लांबलांबची माणसं येतात, आणि येता-जाता आमच्या दुकानात टेकतात. मी सकाळीच टीव्ही बंद करून ठेवला होता. भैयाने आल्याबरोबर लावला.

“दिसू दे की लोकांना, आपलं काम किती सिस्टीममध्ये चालतं ते.”

दुपारी एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ आले. जामखेडच्या बाजूचे, नाव कानिफनाथ म्हणाले. मशीन घ्यायच्याच तयारीत होते. भैयाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि बोर्ड कसा चालतो ते कौतुकाने दाखवायला लागला. म्हातारे ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचत होते. वाचता वाचता ते थांबले.

“ही रतनबाई भिमाजी, मळ्यातली... संस्कृतीची आय का?”

जामखेडचे पाहुणे!

“न्हाई न्हाई, मामा,” मी घाईघाईने म्हणाले. “ती दुसरी. एका नावाच्या लई बाया असत्यात.”

भैया हसला. मला खोटं पाडायचं म्हणून नव्हे. त्याच्या बोर्डाला कुणी चूक म्हटलेलं त्याला खपायचं नाही, एवढंच.

“नाही हो काका, तीच. आमची माहिती चुकत नसते. हे बघा.” त्याने चिठ्ठी उघडली. घरात: नवरा भिमाजी, मुलगी संस्कृती, कॉलेजला.

कानिफनाथांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. अर्धा प्यायलेला.

“मी नवऱ्या पोराचा मामा हाय,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “सोमवारी सुपारी हुती आमची.”

‘हाय’ नाही म्हणाले, ‘हुती’ म्हणाले. मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले.

“मामा, बाई बरी झालीय. डॉक्टर म्हणले भ्या न्हाई. पोरीचा काय दोष त्यात?”

“दोष कुणाचाच न्हाई, पोरी. पन कळल्यावर न कळल्यासारखं कसं करू मी?” ते म्हणाले आणि बाजाराच्या गर्दीत गेले.

मी आत येऊन भैयाला सगळं सांगितलं. त्याने मोबाईल खाली ठेवला, कपाळावरून हात फिरवला. मला वाटलं, चला, लाज म्हणून काहीतरी आहे पोरात.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, तर रतनबाईंची चिठ्ठी गरमच्या रकान्यात सगळ्यात वर होती. अडचणीच्या खणात भैयाने स्वतः भर घातली होती: लग्न मोडलं. खर्च वाचला. आजच फोन करा. आणि त्याखाली माझं नाव.

खरंच सांगते, मेलेला उंदीर ताटात निघावं तसं झालं.

“भैया, लाज वाटते का हो तुम्हाला?”

“ताई, इमोशनल होऊ नका. मशीन तिच्याच उपयोगाचं आहे की नाही, सांगा?”

उपयोगाचं होतं. त्याचाच तर जास्त संताप आला. असल्या माणसाच्या तोंडून खरं निघालं की त्या खऱ्याचीसुद्धा घाण वाटायला लागते. मी कानावरचा फोनचा हेडफोन काढून टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि पायरीखाली उतरून थुंकले. आबासाहेब “अगं विजू, अगं ऐक तर,” करत दारापर्यंत आले. मी वळून पाहिलं नाही. घरी काय सांगायचं याचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता, नंतर आला.

धारांच्या वेळेला मी मळ्यातल्या वस्तीवर गेले. घराचं दार आतून लावलेलं होतं. संस्कृती आत होती. भिमाजी गोठ्याच्या टोकाला कडबा तोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. रतनबाई पहिल्या गाईपाशी उभी होती. उंच, हाडापेराची बाई. उजवा हात सुजलेला, पदरात गुंडाळून धरलेला. नाव सांगताच तिने मला ओळखलं.

“शबुद दिला हुता तुमी.”

“मी न्हाई सांगितलं, मावशी. टीव्हीवर हुतं.”

“कशावर?”

“दुकानातल्या टीव्हीवर. सगळ्यांचंच असतं तिथं.”

“माझी छाती टीव्हीवर?” ती म्हणाली. ओरडली नाही. मी मान खाली घातली.

“मी नोकरी सोडून आले,” मी म्हणाले.

“त्यानं माझ्या पोरीचं जमतंय का?”

“न्हाई.”

दुसरं काय करावं ते सुचेना. मी पदर खोचला, गाईच्या अंगाशी बसले आणि बादली जवळ ओढली. “माझा हात चांगला हाय. मला येतं सगळं. तुमी बसा जरा.”

“उठा तिथनं.”

“मावशी, एवढं तरी...”

“लई लोकांनी हात घातलाय माझ्या घरात. उठा.”

मी उठले. ती खाली बसली, उजवा हात कुशीला घट्ट लावून. डाव्या हाताने तिने गाईची कास धुतली, पुसली, सड धरला. धार बारीक आली, थांबली, पुन्हा आली. बादली गुडघ्यात धरायला गेली की सुजल्या हाताला जोर लावता यायचा नाही आणि बादली कलायची. एकदा थोडं दूध सांडलं. तिने ओठ दाबले आणि परत सड धरला. गाईने पाय हलवला, तशी तिने डाव्या कोपराने तिला दाबलं आणि डोकं तिच्या पोटाला टेकवलं. घरातून कसलाच आवाज येत नव्हता. मी जावं की थांबावं, तेही मला कळेना.

“नुसत्या उभ्या काय ऱ्हायल्या?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “बादली धरा.”

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी बादली धरली.