दोन अक्षरांचा ऊर

पंचशीलाने पेन डाव्या हातात धरलं आणि दहाव्या ओळीत सावित्रीबाईंची सही केली. कन्नडातला ‘त्र’ ओळीखाली घसरला. सावित्रीबाईंचाही तसाच घसरायचा. तिने फुंकर घालून शाई वाळवली, फॉर्म पिशवीत सरकवला आणि मग हॉलमध्ये नजर फिरवली. कुणी पाहिलं नव्हतं.

कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या या हॉलमध्ये जिल्ह्यातल्या प्रौढ साक्षरता वर्गांचे चाळीस शिक्षक प्रशिक्षणाला आले होते. फॉर्म चार वाजता द्यायचे होते. शिकणाऱ्यांच्या दहापेक्षा कमी सह्या असतील तो वर्ग बंद, असं प्रशिक्षणाच्या पत्रातच लिहिलं होतं. कोहिनूर गावात विहाराच्या ओसरीवर भरणाऱ्या पंचशीलाच्या कन्नड वर्गात सावित्रीबाई यायच्या थांबल्यापासून नऊच बायका उरल्या होत्या.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात असायची, रविवारी फोन करायची. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ. त्या दोन तासांच्या जोरावर पंचशीला दिवसाचे बाकीचे बावीस काढत असे.

“सकाळच्या पारी काय लिवायलाव, अक्का?” शेजारी बसलेल्या मन्नाएखेळ्ळीच्या गुरप्पा मास्तरांनी विचारलं.

“फॉर्म.”

“माझ्या वर्गात बारा हायत. सहा वाचतेत, सहा जांभया देतेत.”

कलबुर्गीहून आलेले प्रशिक्षक प्रशांतकुमार कन्नडातून बोलत होते. “आता तुम्ही शिक्षक नाही. तुमच्या वर्गातलं कुणीतरी व्हा. त्यांनी केलेली चूक तशीच करून दाखवा. चूक आतून कळली पाहिजे.”

पंचशीलाची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्या हातात एक कार्ड दिलं. चार घरं, एक लिंबाचं झाड, खाली दोन कन्नड अक्षरं. ऊरु. म्हणजे गाव.

हेच कार्ड तिच्या वर्गातही होतं.

कुणाची नक्कल करायची हे तिनं ठरवलं नव्हतं. पण कार्ड हातात आलं आणि पाठ आपोआप वाकली. तिने ते डोळ्यांजवळ नेलं. बोट अक्षरांखाली फिरलं.

“ऊ… रु…”

मग तिने तळहात छातीवर ठेवला.

“ऊर,” ती मराठीत म्हणाली.

हॉल हसला. आधी ज्यांना मराठी येत होतं ते हसले. त्यांनी शेजाऱ्यांना अर्थ सांगितला, मग ते हसले. गुरप्पांनी डोळे पुसले. “अक्का, तुमी नाटकात जावा.”

प्रशांतकुमारही हसत होते. “छान. काय चुकलं?”

“चित्र पाहिलं नाही,” तीन-चार जण म्हणाले.

त्यांनी फळ्यावर ‘चित्र’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

पंचशीलाचा हात अजून छातीवरच होता. सावित्रीबाई वर्गात अशाच उभ्या होत्या. पाच महिने एकेक अक्षर सुटं ओळखण्यात गेले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दोन अक्षरं त्यांच्या तोंडात एकत्र आली आणि त्यांचा शब्द झाला. त्यांच्याच भाषेतला. त्या वर पाहत होत्या, शाबासकीसाठी. आणि सगळ्यांत आधी पंचशीला हसली होती. तिच्यामागून बाकीच्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुडघे दुखतेत. पंचशीलाने गुडघे खरे मानले. सावित्रीबाईंचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. ती गेली नाही.

“बसा मॅडम,” प्रशांतकुमार म्हणाले.

“सर, त्या बाईंनी बरोबर वाचलं होतं.”

प्रशांतकुमारांनी मान हलवली. त्यांच्या हातात पुढचं कार्ड होतं.

चार वाजता टेबलापुढे रांग लागली. पंचशीलाने पिशवीतून फॉर्म काढला आणि उजव्या हाताने दहाव्या ओळीवर काट मारली.

कारकुनाने बोट फिरवत सह्या मोजल्या. “नऊच?”

“नऊच.”

“मग मॅडम, तुमचा वर्ग…”

“माहीत आहे.”

प्रशिक्षणामुळे आज वर्गाला सुट्टी दिलेली होती. बसमधून उतरल्यावर ती विहारावरून पुढे गेली. ओसरीवर कुणी नव्हतं. तीन गल्ल्या ओलांडून ती सावित्रीबाईंच्या दारात उभी राहिली.

सावित्रीबाई उंबऱ्यात बसून सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“सही पायजे आसंल.”

“न्हाई. वर्ग बंद झाला.”

सूप थांबलं. “मग कामून आलीस?”

पंचशीला पायरीवर टेकली.

“आज मला हासले, अक्का. चाळीस मास्तर.”

“कामून?”

“ऊर म्हणले म्हणून.”

सावित्रीबाईंनी एक खडा उचलला, बोटांत फिरवला, अंगणात टाकला.

“चित्र बघून म्हणलीस, का वाचून?”

“वाचून.”

“मग हासू दे.”

त्यांनी मागून एक थाळी ओढली, सुपातली निम्मी तूर तिच्यात ओतली आणि थाळी पायरीकडे सरकवली.

“माझे डोळे आता खडे धरंनात.”

सहा वाजून गेले होते. पंचशीलाने थाळी मांडीवर घेतली.