भाजावळीचा धूर

सदऱ्याच्या खिशाच्या कोपऱ्यात, शिवणीत अडकलेली एवढीशी कापसाची गुठळी... करडी, बोट लागताच विस्कटणारी. पद्मावतीनं नवऱ्याचा सदरा उलटा करून ती नखानं खरवडली, पण ती खाली पडलीच नाही. विहिरीच्या कठड्यावरून तरंगत उठली, जराशी थबकली, आणि मग घराच्या दिशेनं, समुद्राच्या अंगाला सरकू लागली. म्हणजे मतलई अजून वाहते आहे — डोंगराकडून समुद्राकडे जाणारा सकाळचा वारा. धुवायचा सदरा तिच्या हातात तसाच राहिला. आज वाडीची भाजावळ होती.

शेतं वरच्या अंगाला, समुद्र खालच्या, आणि मध्ये तिचं घर. दर वैशाखात पेरणीआधी शेताच्या एका कोपऱ्यात शेण, सुका पाला, कवळं — झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या — पसरायची, वर मातीचा हात फिरवायचा आणि भाजायचं. भाजलेल्या जमिनीतच भाताचा तरवा, लावणीची रोपं, जोमानं उगवतो, नाहीतर तण आधी येतं आणि वर्षभर पेजेला तांदूळ पुरत नाही. तिचाही कोपरा रचून तयार होता. डोक्यावरून पाल्याचे भारे तिनंच वाहिले होते, मुंबईला आजारी नवऱ्याला आणायला जायच्या आधी, फाल्गुनात — तेव्हा धूर म्हणजे नुसता धूर होता.

आता परशुराम खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पाट उभा करून त्याला टेकून बसलेला असेल. आडवं झालं की त्याचा श्वास तुटतो. गिरणीच्या कार्डिंग खात्यात कापूस पिंजता पिंजता जन्म गेला. कापूस कपड्यांवर बसला, भुवयांवर बसला, आणि उरलेला कुठं गेला ते आता कळत होतं. डॉक्टरनं कागद बाजूला सारून म्हटलं होतं, "गावी घेऊन जा. तिथं स्वच्छ हवा आहे." किती सहज म्हणाला... जणू हवा म्हणजे परड्यातली विहीर, गेलं की कळशी भरून घ्यायची. आणि तिला तेव्हा आनंदच झाला होता. बोटीत रात्रभर ती त्याची पाठ चोळत होती आणि मनात म्हणत होती, आपल्या गावी, आचऱ्याला पोचू दे, एकदा आचऱ्याला पोचू दे.

चाळीत ती जेमतेम महिनाभर राहिली. धुराडी दिवसरात्र ओकायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर काळे ठिपके पडायचे. पण त्याच चाळीत, शेजारच्या खोलीत बाळंतीण होती म्हणून, सगळ्या मजल्यावरच्या बायका पेटत्या शेगड्या उचलून खाली मागल्या अंगणात न्यायच्या आणि कोळसा लाल झाल्यावरच वर आणायच्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या काळ्या, चिकट हवेत त्या बायकांनी एका तान्ह्या जिवापुरती जागा धरून ठेवली होती... मग इथं, आपल्या माणसांत, एवढंही होणार नाही?

तिनं सदरा कठड्यावर टाकला आणि वरच्या अंगाला निघाली.

शेजारच्या शेतातली राधाबाई आपल्या कोपऱ्यावर काठीनं पातेरा, सुका पाला, सारखा करत होती. पद्मावती म्हणाली, "काकी, आज नको. नायतर दुपारी भाजा. खारो वारो सुटलो की धूर डोंगराक जातलो. हेंका सोसना नाय."

"अगो, मुंबयचो धूर इतकी वर्सां खाल्ल्यान, आणि आमच्या पातेऱ्याचो जड जाता?" राधाबाई हसली, मग पद्मावतीचा चेहरा बघून तिनं काठी खाली ठेवली. "तुका कळता काय गो? दुपारच्या वाऱ्यान ठिणगी उडाली तर थेट माझ्या छपरार. गवताचा घर आसा माझा, शेताच्या वयर. तुझ्या घोवाक श्वास गावतलो, आणि माका घर खंय गावतला?"

हे खरं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी भाजलं तर तो, दुपारी भाजलं तर राधाबाईचं छप्पर; न भाजलं तर सगळ्यांचाच तांदूळ. चाळीतल्या बायकांना निदान शेगडी उचलता येत होती... शेत कसं उचलायचं?

"घराची दारां लावन् घे," राधाबाई हळूच म्हणाली. "ओला फडका लाव दाराक."

ती परत वळली तेव्हा बांधावरून धोंडू येत होता — परशुरामाचा चुलत भाऊ. हात काळे, तोंडभर हसू.

"वयनी, तू आता उन्हात येव नको. तुझो कोपरो मी पेटवन् टाकलंय. म्हटलं, दादा आजारी, तू एकटी, तुका तरास कशाक?"

तिनं पाहिलं. वाडीतला पहिला धूर तिच्याच शेतातून उठला होता. पांढरा, दाट, जमिनीला चिकटून, घाई न करता घराकडे चाललेला. धोंडू कौतुकाच्या शब्दाची वाट बघत उभा होता. "बरा केलात, भावजी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

विहिरीशी येऊन तिनं कळशी भरली. ओतलं तर विझेल. पण भिजलेला पाला पुन्हा नीट जळत नाही, अर्धवट भाजलेल्या जमिनीत तण माजतं. न ओतलं तर दिवसभर धुमसत राहील. खळ्यातून खोकला आला, मग पुढचा, मग त्याचा तुटका आवाज — "पद्मा... आपल्या तरव्याचो कोपरो भाजतत काय गो? वास इलो." आणि त्या आवाजात, देवा, सुख होतं. गिरणीत दर वैशाखात त्याला याच वासाची आठवण यायची म्हणे.

ती कळशी कमरेवर घेऊन शेत आणि घर यांच्या मध्ये उभी राहिली. धूर तिच्या पायांतून, लुगड्याच्या ओच्यातून, काखेतून पुढं जात होता. ती आडवी उभी राहिली तरी तो अडत नव्हता. आता याला कुठं न्यायचं? गावाच्या पुढं गाव नव्हतं. पुढं नुसता समुद्र... आणि तिथंही हाच वारा चालला होता.

मग तिच्या ध्यानात आलं, की बऱ्याच वेळापासून ती श्वास अगदी लहान लहान घेते आहे — पेजेच्या मडक्यात थोडंच उरलं असलं की बाईमाणूस स्वतःच्या ताटात कमी वाढून घेते, तसा. पुरेल त्याला, म्हणून. कळशी भरलेलीच होती. कमरेला पाण्याचा गारवा लागत होता, आणि ती, तोंड मिटून, आणखी थोडा कमी श्वास घेऊन बघत होती.