दोन बोटं आत

माझी शिवण उसवत नाही. ही फुशारकी नाही, गिऱ्हाइकंच सांगतात. दुहेरी दोरा, त्यावर आतून आणखी एक टीप, आणि शेवटाला गाठ. गोदामातल्या हमालांच्या पँटी मी शिवते, त्यांचं कापड विरून चाळण होतं, पण शिवण जागची हलत नाही. त्या दिवशी ती हलली असती तर बरं झालं असतं.

माझा धाकटा भाऊ गावाबाहेरच्या मातीच्या मैदानावर मुलांना डर्ट बाइक शिकवतो. चढउतार, खड्डे, चिखल यांतून न्यायच्या त्या उंच, हडकुळ्या गाड्या. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे. तो चौदा वर्षांचा असताना आमच्या वडिलांनी त्याला मोठी गाडी आणून दिली होती, कारण आमच्या घरात सगळंच वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. बूट सैल झाला तर पुढे कापूस कोंबता येतो, गाडीत काय कोंबणार? त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एका चढावर गाडी बंद पडली, तो पाय टेकायला गेला तर खाली नुसती हवा, आणि गाडी त्याला घेऊन उलटी आली. तेव्हापासून आजवर त्याच्या पँटीचा डावा पाय मी बोटभर आखूड कापते. दर वेळी मी टेप दोनदा लावून बघते आणि तो मात्र शीळ वाजवत उभा असतो.

आणि इतकं होऊन माझीच लेक त्याच्या मागे लागली. बारा वर्षांची आहे. सगळी उंची पायांत, म्हणून मामा तिला नाकतोडा म्हणतो. दोन वर्षं ती मामाकडच्या लहान गाडीवर शिकली. तिच्या वडिलांना मी म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. ते लांबच्या फेरीवर ट्रक घेऊन गेले होते. फोनवर म्हणाले, मामा-भाचीच्या मधे मी पडत नाही. म्हणजे पडायचं ते मीच.

या वर्षी भाऊ म्हणाला, नाकतोड्याला आता ती गाडी पुरत नाही. वळताना गुडघे हँडलला आपटतात, लहान चाकं खड्ड्यात अडकतात. मधल्या मापाची घ्यायला हवी. मी म्हटलं, आणखी एक वर्ष जाऊ दे. तो म्हणाला, ताई, मोठी गाडी जशी पाडते तशी लहानही पाडते. हे मला पटलं नाही. दुधाने पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते.

शेवटी त्यानेच तोडगा काढला. मैदानावर तो सगळ्या मुलांना लावतो त्या तीन परीक्षा. गाडीवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. आडवी पडलेली गाडी एकटीने उचलता आली पाहिजे. आणि चालवत येऊन चुन्याच्या रेघेवर थांबून पाय टेकता आला पाहिजे. एकीत जरी नापास झाली तर वर्षभर लहान गाडी. त्याने लेकीकडून तसं कबूल करून घेतलं, आणि माझ्याकडूनही.

मी कबूल केलं, पण मनातून नाही. आधीच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून मी त्या गाड्यांच्या दुकानात जाऊन आले. अंगणात मधल्या मापाच्या दोन गाड्या उभ्या होत्या, एक निळी, एक हिरवी. दुकानदार फोनवर बोलत होता तेवढ्यात पिशवीतून टेप काढून दोन्हींच्या सीटची उंची मोजली. लेकीच्या पायाचं माप मला तोंडपाठ आहे. चवडेच काय, टाचासुद्धा जवळजवळ टेकल्या असत्या. तिथेच माझ्या मनात ते आलं. आलं ते गेलंच नाही.

गाडी चालवायची तिची पँट मीच शिवलेली. तंबूच्या जातीचं जाड कापड, गुडघ्याला आतून गादी. ती शाळेत गेल्यावर भर दुपारी मी ती मशीनवर घेतली आणि मांडीच्या आतल्या बाजूची जुनी शिवण उसवून ती दोन्ही पायांना दोन-दोन बोटं आत घेतली. दोन पाय फाकले की कापड ताणून धरेल, चवडे टेकणार नाहीत, पहिल्याच परीक्षेत नापास. गाडी उभी, मामा शेजारी, कुणाला खरचटणारही नाही. मी हिशेब अगदी चोख केला होता. इस्त्री फिरवून पँट होती तशी खुंटीला लावली.

परीक्षेच्या सकाळी पँट चढवताना ती म्हणाली, आई, मांडीत आवळते गं. मी म्हटलं, अंगाने भरतेयस, बाई. तिला ते इतकं आवडलं की आरशात वळून वळून बघत बसली. मी भांडी घासायला निघून गेले. भांडी आधीच घासलेली होती.

परीक्षा गाड्यांच्या दुकानातच ठरली होती, दुकानामागे मोकळं पटांगण होतं. तिचा जीव निळ्या गाडीवर जडलेला. भावाने निळी सुरू केली, मूठ जराशी पिळली तर ती कुत्र्यासारखी झेपावली. "ही चावते," तो म्हणाला आणि बंद केली. हिरवीचा आवाज जाड, पण मूठ पिळेल तितकीच पुढे सरकायची. त्याने मागचं चाक धरून हलवलं, साखळी बोटाने उचलून पाहिली, इंजिनाखाली हात फिरवून तेल लागतंय का बघितलं. ही गरीब आहे, म्हणाला. गरीब गायसुद्धा लाथ मारते, हे मी मनातच ठेवलं.

मग लेक हिरवीवर बसली. मी तिच्या पायांकडे बघत होते. कापड ताणलं, मला दिसलं. आणि तेवढ्यात गाडी खाली बसली. माणसाच्या वजनाने स्प्रिंगा दबतात आणि सीट चांगली तीन-चार बोटं खाली येते, हे मला कोण सांगणार? मी मोकळी गाडी मोजली होती, टेबलावर कापड मोजावं तशी. तिचे चवडे टेकले. दुकानदाराने मान डोलावली, भावाने पहिलं बोट दुमडलं.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. काय बोलणार होते? लेकीच्या आणि भावाच्या देखत, परक्या दुकानदारासमोर? मनात म्हटलं, गाडी उचलणं जमायचंच नाही. तिने आडव्या गाडीला पाठ लावली, सीटची कड आणि हँडल पकडलं आणि पायांनी रेटा दिला. एकदा सुटली. दुसऱ्यांदा तिचा चेहरा लालबुंद झाला आणि गाडी उभी राहिली. भावाने दुसरं बोट दुमडलं.

उरली तिसरी, चालत्या गाडीची. भाऊ तिला क्लच समजावत होता, हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण दाखवत होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोंगावत होती. उभ्या गाडीवर ती सावकाश पाय फाकवू शकली. थांबताना पाय झटकन बाहेर काढावा लागतो. तो निघेल का? मी दोन पावलं पुढे गेले. भावाने हाताने मला मागे सारलं, त्याला वाटलं मी नेहमीसारखी घाबरले आहे. हेल्मेट घालण्याआधी तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हो म्हणून हलवली. आई म्हणून याहून वाईट मी काही केलेलं नाही.

तिने पटांगणाला फेरी मारली. छान मारली, खोटं का बोलू? वळणावर गुडघे मोकळे होते, पाठ सरळ होती. दुसरी फेरी संपवून ती रेघेकडे यायला लागली तशी माझे हात मांड्यांवर आपोआप दाबले गेले, जणू ती शिवण मी माझ्याच अंगावरून सोडवणार होते. गाडी मंद झाली. रेघेवर थांबली. तिचा डावा पाय सुटला, अर्धा बाहेर आला आणि तिथेच अडला. दुसरी कुणी शिंपीण असती तर तिची शिवण फाटली असती आणि पाय सुटला असता. माझी नाही फाटली. गाडी सरळ डावीकडे कलली आणि तिला घेऊन आडवी झाली.

इंजिन चालूच होतं. मागचं चाक हवेत गरगरत होतं, आणि तिचा पाय खाली. मी धावले. भाऊ लंगडत मागून येत होता. मी आधी पोचले आणि मला काही म्हणजे काही करता येईना, कुठे हात लावायचा तेच कळेना. तिनेच हात लांब करून लाल बटण दाबलं. सगळं शांत झालं. भावाने आणि दुकानदाराने गाडी उचलली. भावाने बूट काढून घोटा फिरवला, नडगीवरून बोटं दाबत गुडघ्यापर्यंत नेली. हाड शाबूत होतं. नडगी सोलवटली होती, बस. भाऊ तसाच मातीत बसून राहिला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

मग तो तिला समजावून म्हणाला, नियम तो नियम, आता एक वर्ष लहान गाडी, वर्षभराने पुन्हा बघू. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. अगदी तेच.

लेक रडली नाही. हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "लहान पण नको, मामा. पाय काढायचं माहीत होतं मला, पण पाय निघालाच नाही. मी भित्री आहे."

मैदानावर दोन वर्षं तिला कुणी भित्री म्हटलं नव्हतं. तो शब्द माझा, माझ्या अंगचा, आणि तो मी तिच्या मांडीला शिवून टाकला होता. गप्प राहिले असते तर माझं काही बिघडत नव्हतं. ती सुखरूप माझ्या डोळ्यांसमोर वाढली असती, आणि उभ्या जन्मात स्वतःला भित्री समजली असती.

पिशवीत टाके उसवायची सुरी नेहमी असते. मी तिच्यापुढे मातीत गुडघे टेकले आणि म्हटलं, "तू भित्री नाहीस. पँट मी आवळली होती."

तिला कळलं नाही. मी कापड चिमटीत धरून एकेक टाका कापत गेले. सुरी तिला लागू नये म्हणून थांबत थांबत. शिवण उघडली तशी आत दुमडलेली पट्टी बाहेर आली, दोन बोटं रुंद, गडद, उन्हाने न विटलेली. बाकीची पँट फिक्कट. लेक त्या पट्टीकडे बघत राहिली. दुकानदार उगाच साखळी पुसायला लागला.

"ताई," भाऊ म्हणाला, "मला निदान गाडीने पाडलं होतं."

त्याने आवाजही चढवला नाही. मी दुसऱ्या पायाची शिवण उघडायला घेतली, कारण मान वर करायची माझी छाती नव्हती. मग पिशवीतल्या सुईने दोन्ही शिवणी जुन्या, सैल मापावर कच्च्या टाक्यांनी धरल्या. कच्च्या दोऱ्याने, ओढली तर फाटेल अशी शिवण मी आयुष्यात पहिल्यांदा घातली.

लेक उठली. लंगडत होती. तो लंगडा पाय मला बघवेना, पण तिने मामाला विचारलं, परत परीक्षा देऊ का? त्याने तिला बसवून, उठवून, चालवून पाहिलं आणि मग हो म्हणाला. ती माझ्याकडे वळली.

"तू रेघेच्या बाजूला उभी राहा," ती म्हणाली. "मला हात लावायचा नाही."

मी उभी राहिले. ती फेरी मारून समोरून यायला लागली. गाडीचा आवाज पायांखालून पोटात चढत होता. भीती कमी झाली म्हणाल, तर मुळीच नाही. उलट आधी नुसती भीती होती, आता तीत लाजही कालवली होती. ती रेघेशी आली, गाडी थांबली, डावीकडे झुकली. माझा हात पुढे गेला. मी तो दुसऱ्या हाताने पकडला आणि मागे घेतला. तिचा पाय बाहेर आला आणि चवडा मातीत रुतला. कच्चे टाके टरकन सुटले, कापड लोंबायला लागलं, पण ती उभी होती. भावाने तिसरं बोट दुमडलं.

हिरवी गाडी घरी आली. पँट मी मापात पुन्हा शिवून दिली, दुहेरी दोऱ्याने. तिने ती घेतली, खिडकीशी नेली, उलटी केली आणि दोन्ही पायांच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवत गेली, वरपासून खालपर्यंत, मग घातली.

त्यानंतर मी तिला काहीही शिवून दिलं, फ्रॉक असो नाहीतर शाळेचा सदरा, ती आधी उलटं करून बघते आणि मगच अंगात घालते. मी समोरच बसलेली असते. तिचं बघून होईपर्यंत मशीन थांबवते.