एका नावापुरती जागा

प्रमिला, माझी बायको, गेली हे मला मंगळवारी सकाळी कळलं. इथे आखातात, अल कुसैसच्या साइटवर आम्ही एसीचा डक्ट वर चढवत होतो. पुतण्याचा, मिथुनचा फोन आला. डक्टचं दुसरं टोक इद्रीसच्या हातात होतं. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो आणि त्याने एकट्याने डक्ट खांद्यावर तोलून धरला.

गावी दहनाला पोचलो नाही. तेरावं करून परत आलो.

इद्रीस घानाचा. आमच्याच खोलीत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रॅप करतो. तो सांगतो, "पहले हमारा लडका लोग अमरिका जैसा इंग्लिश बोलता था. घर में कोई नहीं समझता. फिर अपना भाषा में चालू किया, तो माँ भी सुनता है." आता त्याच्या गावचे रिक्षावालेही तेच लावतात म्हणे. आपल्या गेलेल्या माणसांची नावं तो गाण्यात घेतो. आजीचं, भावाचं. ज्याचं माणूस त्यानेच नाव घ्यायचं, हा त्याचा नियम.

प्रमिलासाठी त्याने गाणं केलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गाद्या लावल्या, एसी बंद केला आणि रेकॉर्डिंगला मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाबाजी, नाम बोलो. बस, नाम."

सत्तावीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. ती 'अहो' म्हणायची. आमच्याकडे असंच. तोंड उघडलं, पण नाव येईना.

वरच्या बंकवरून चिपळूणचा सुजीत ओरडला, "यल्ला, चला काका! लग्नात घेतलं होतंत ना उखाण्यात? घ्या लवकर, आम्ही इथे मोदकासारखे वाफेवर शिजतोय."

उखाणा म्हणजे काय, इद्रीसने विचारलं.

"दो लाइन, तुक जोडने का," सुजीत म्हणाला, "बीच में बीवी का नाम."

"हबीबी, ये तो रॅप है!" इद्रीस हसला. "वही बोलो, बाबाजी."

मलाही हसू आलं. उखाणा आठवू लागलो, पण आठवेना. तो प्रमिलाला पाठ होता. हळदीकुंकवाला बायकांना म्हणून दाखवायची, माझी नक्कल करत.

इद्रीसने मोबाइल खाली ठेवून एसी लावला. "कोई बात नहीं."

गाणं तयार आहे. मधे ढोल एका नावापुरता थांबतो आणि परत सुरू होतो. त्याने ते अजून कुणाला पाठवलेलं नाही. दर सुट्टीला गाद्या भिंतीला लागतात. तीन सुट्ट्या झाल्या. मी अजून तिचं नाव घेतलेलं नाही.