परक्या नदीची ओटी

चंद्रिकाचा व्हिडिओ आला तेव्हा वच्छलाबाई नुकत्याच पूजा आटोपून चहा गाळत होत्या. धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात लेकाकडं गेली होती, आणि आज त्या पृथ्वीराजनं आईला एका दिवसाच्या सहलीच्या गाडीत बसवून दिलं होतं. जंगल, समुद्र, नदी सगळं दाखवणारी गाडी, सोबत माहिती सांगणारी एक बाई. पृथ्वीराज स्वतः कामावर गेलेला.

असला व्हिडिओ एकटीनं बघण्यात काय राम! वच्छलाबाईंनी खालच्या मजल्यावरच्या यास्मीनला हाक मारली. यास्मीन शाळेत इंग्रजी शिकवायची, आज तिला सुट्टी होती.

"ये गं, बघ तरी आमची चंद्री कुठं पोचली ती!"

व्हिडिओत गाडीच्या एका काचेबाहेर निळाशार समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पार वाळूपर्यंत उतरलेलं दाट जंगल. पुढं टोपीवाली गोरी बाई माइकवर बोलत होती, आणि मागून चंद्रिकाचा आवाज: "ताई, बाई लई छान काहीतरी सांगतीय बघ. दुपारी जेवण नदीकाठी हाय. खण-नारळ पिशवीत घेतलाय. तू सांगितलंस तस्संच करते."

वच्छलाबाईंचा चेहरा फुलला. यास्मीननं मात्र व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा ऐकला.

"मावशी, खण-नारळ कशाला?"

"नदीच्या ओटीला. परकी नदी ओलांडायची तर आधी तिची ओटी भरायची, ही आमच्या घरातली रीत. काठावरनं फेकायची न्हाय हं! गुडघाभर पाण्यात उतरून सोडायची."

यास्मीनच्या हातातला कप तसाच राहिला. "मावशी, ती बाई सांगतेय, नदीत मगरी आहेत. जीपगाडीएवढ्या. घोटाभर पाण्यातसुद्धा पाय घालू नका, काठाजवळ उभं राहू नका. तुम्हाला मगर दिसत नाही, पण ती तुम्हाला बघत असते, असं म्हणतेय."

वच्छलाबाईंनी लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पृथ्वीराजचाही बंद. त्या टोपीवालीचा नंबर कुणाकडं असणार?

"मेसेज टाका ना. 'पाण्यात उतरू नको' म्हणा. रेंज आली की मिळेल," यास्मीन म्हणाली.

"ऐकायची न्हाय गं ती!" वच्छलाबाई कपाळ बडवून घेत म्हणाल्या. "माझ्याच कर्माची फळं ही."

कारण असं झालं होतं. मागच्याच आठवड्यात पृथ्वीराज फोनवर म्हणाला होता, मावशी, ओटीबिटीचं खूळ आईच्या डोक्यात घालू नका, इथं पाण्यात उतरायला बंदी आहे. बंदी! वच्छलाबाई मनात म्हणाल्या, बंदीची पाटी आपल्या तलावावरही हाय की, कोण वाचतंय? पोराला गोऱ्या लोकांपुढं आईची लाज वाटतीय, दुसरं काय! फोनवर मायलेक दोघं ऐकत होते, म्हणून त्या "बरं बाबा. चंद्रे, नको भरू गं" म्हणाल्या. आणि तो कामावर गेल्यावर बहिणीला परत फोन करून बजावलं, "ते त्याच्या समाधानासाठी बोलले. तू ओटी भर. उद्या मी पुन्हा नको म्हणाले तरी समज, पृथ्वीनंच बोलायला लावलंय." आई गेल्यापासून चंद्रिकाला त्यांनीच लहानाची मोठी केलेली. ताईचा शब्द म्हणजे चंद्रिकाला काळ्या दगडावरची रेघ.

आता ती रेघ पुसायची कशी? डोळ्यांपुढं सारखं एकच येत होतं, निऱ्या खोचून पाण्यात उतरणारी चंद्री. तिला पोहताही येत नव्हतं.

चंद्रिकाला एकच गोष्ट अडवू शकत होती: सुतक. घराण्याला सुतक लागलं की देव नाही, पूजा नाही, ओटी तर नाहीच. सोयर सांगावं, तर चंद्रिकाच्या सासरच्या भावकीत कुणी पोटुशी नव्हती. म्हणजे कुणालातरी मारायलाच पाहिजे. तिचे थोरले दीर, अक्कलकोटचे बिरुदेव, मागच्या महिन्यात छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात होते. चंद्रिकाला खरं वाटेल असं तेवढंच एक नाव होतं.

भला माणूस तो. वच्छलाबाई त्याच्या घरी गेल्या की स्वतः उठून खुर्ची द्यायचा.

फोन तोंडाशी नेला आणि त्यांचा हात थबकला. वास्तू तथास्तु म्हणत असते! असलं अभद्र घरात कसं बोलायचं? त्या तशाच अनवाणी जिना उतरल्या. खाली नवी पेठेच्या बाजारात दुकानांची शटर वर जात होती, रिक्षावाले कोकलत होते. त्या गर्दीत, कापडाच्या दुकानापुढं उभं राहून त्यांनी फोनमध्ये आवाजाचा मेसेज भरला, "चंद्रे, बिरुदेव भाऊजी गेले गं. सुतक हाय. ओटी भरू नको, पाण्याला शिवू नको." आवाज मुद्दाम रडवेला करावा लागला नाही. कापड झटकणारा नोकर बघतच राहिला.

एक टिक आली. दुसरी येईना.

यास्मीन त्यांना धरून वर घेऊन आली. वच्छलाबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या. चहा थंडगार झाला. तिकडचं घड्याळ पुढं, तिकडं दुपार झाली असणार, जेवणं उरकली असणार. देवाकडं बघायचीही हिंमत होईना, कारण आत्ताच एका जिवंत माणसाला मारून आलेल्या. दुसरी टिक आली तेव्हा त्या ओरडल्याच. पण ऐकलं का तिनं? वेळेत ऐकलं का?

फोन वाजला. पलीकडं फक्त हुंदके.

"चंद्रे! बोल की गं! कुटं हाईस?"

"काठावर, ताई. चपला काढल्या होत्या, निऱ्या खोचल्या होत्या, खण हातात होता. तेवढ्यात फोन वाजला. तुझा आवाज ऐकला आणि मटकन मागं पायरीवर बसले. आणि ताई, ज्या ओंडक्याशेजारी मी उतरणार होते ना, तो सरकन पाण्यात गेला गं! शेपूट होती त्याला!" चंद्रिका हमसून हमसून रडायला लागली. "ती बाई पळत आली, मला ओढत वर घेऊन गेली. भाऊजींनी जाता जाता मला वाचवलं, ताई. देवमाणूस होता. मी हितं दहा दिवस सुतक पाळते त्यांचं."

वच्छलाबाईंना ते ऐकवेना. यास्मीननं खुणेनं सांगितलं, आत्ता नको, नंतर सांगा. पण त्यांना राहवलं नाही.

"भाऊजी धडधाकट हाईत. मी खोटं बोलले. तुला मागं वळवायला दुसरं काही सुचलं न्हाय मला."

पलीकडचं रडणं थांबलं.

"नदीत उतरायला तूच सांगितलंस," चंद्रिका हळू म्हणाली, "नको म्हणाले तरी ऐकू नको, हेपण तूच. आणि आता हे. ताई, मी तुझं कुठलं बोलणं खरं मानायचं गं?"

आयुष्यात कधी चंद्रिकानं वच्छलाबाईंना उलट विचारलं नव्हतं.

"कुठलंच मानू नको," त्या म्हणाल्या. "त्या टोपीवालीचं ऐक."