दारापासून बोरिंगपर्यंत

भंडारा जिल्ह्यात तलाव किती, हे नक्की कोणालाच सांगता येत नाही. गावागणिक एक आहेच. काही गावांना दोन, काहींना चार. कोणाला सोनतलाव असं गोड नाव, कोणी जावयाचा तलाव, कोणी नुसतीच बोडी, म्हणजे लहानसं तळं. ते सगळे मोजून एका जागी लिहून ठेवायचे म्हणून १९८८च्या उन्हाळ्यात भंडाऱ्यात एक लहानसं तलाव-मोजणी कार्यालय उघडलं. नागपूरहून एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासमोर बसायला कारध्याची मंगला आली.

मंगला सव्वीस वर्षांची. टायपिंग झालेलं, वर नागपूरला तीन महिन्यांचं शिक्षण. रोज सकाळी ती सायकलनं वैनगंगेचा पूल ओलांडून यायची, चपला दाराशी काढायची आणि तलावांची नावं टाइप करायला बसायची. एकेक नाव हिरव्या अक्षरांत पडद्यावर उमटलं की तिला वाटायचं, आणखी एका गावाचं पाणी आपण जपून ठेवलं.

मशीनचा पंखा पहिल्यापासून आवाज करायचाच. पण तो भुंग्यासारखा, कानाला सवय होईल असा. दसरा झाला आणि काय बिघडलं कोण जाणे, तो घरघरायला लागला. मधेच खट्, खट्खट्.

"बाई, हे भात कांडून राहिलं का?" शिपाई ताराचंद विचारायचा. "मंग तांदूळ कुठी पडते थे तरी सांगा!"

मंगलाला हसू यायचं नाही. तिच्या खोलीत आणि कृष्णराव साहेबांच्या खोलीत फक्त एक प्लायवूडची भिंत होती. तिकडे साहेब गावोगावच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायचे. म्हातारी माणसं, हळू बोलणारी. साहेबांना दर वाक्याला म्हणावं लागायचं, "जोरात बोला बाबा." म्हातारा जोरात बोलायचा, मग त्याला वाटायचं आपण साहेबांवर ओरडलो, आणि तो गप्पच व्हायचा.

एके दिवशी कृष्णराव दारात येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता. बोलताना त्यांनाच अवघड वाटत होतं.

"मंगलाबाई, मी इथे माणसांचं ऐकायला बसलो आहे. मशीनचं ऐकून काय करू? नागपूरला कळवलं होतं. त्यांचं म्हणणं आलं, शनिवारी गाडी येईल. मशीन त्यांच्या हापिसात जाईल."

"आणि मी, साहेब?"

"तुम्ही मशीनसोबत. बदली."

तो सोमवार होता. मंगलाच्या डोळ्यांपुढे नागपूर आलंच नाही. तिला दिसलं ते कारध्याचं घर आणि ओट्यावर बसलेला बाप.

मंगरू हार्मोनियम दुरुस्त करायचा. पेटीवाला मंगरू म्हटलं की पवनीपासून कोंढ्यापर्यंतची भजनी मंडळं आणि दंडारीची नाटकं करणारे दंडारवाले ओळखायचे. सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. बायको त्याच्या आधीच गेली होती. पेट्या अजून यायच्या. तो बोटांनी आणि कानांनी दुरुस्त करायचा. स्वयंपाक, पाणी, बाजार मात्र मंगलाच्या हाती.

मंगळवारी तिनं बापाला सांगितलं.

"मंग काय झालं?" मंगरू म्हणाला. "जा ना माय. नागपूर काय परदेस हाय? दर साली दीक्षाभूमीवर जातोच आपन. मले सारं मायीत हाय."

"तुमचं कसं होईल बाबा?"

"माह्यं काय व्हाचं हाय? मी का लेकरू हावो?"

बुधवारी दुपारी ताराचंदनं आपल्या परीनं उपाय केला. घरून घोंगडी आणली आणि मशीनवर चारही बाजूंनी घालून दिली. "लेकराले पांघरून दिलं का लेकरू झोपते, बाई." आवाज दबला खरा. पण दहा मिनिटांत पत्रा तव्यासारखा तापला आणि पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजली. मंगलानं घोंगडी ओढून काढली.

"ताराचंदभाऊ, पंखा म्हंजे त्याचा श्वास हाय. तुमी नाक दाबलं त्याचं!"

"मंग खोलून पाहू?"

खोलता येत नव्हतं. झाकणाच्या सांध्यावर कंपनीची कागदी पट्टी चिकटवलेली होती. ती फाटली तर जबाबदारी मशीन चालवणाऱ्याची, असं पहिल्याच दिवशी सही करून दिलेलं.

त्या संध्याकाळी मंगला घरी आली आणि सायकल हातात धरूनच उभी राहिली. दाराच्या चौकटीला एक सुतळी बांधलेली होती. ती अंगणातून ताणत, पेरूच्या झाडाला वळसा घालत, रस्त्याकडेच्या बोरिंगपर्यंत गेली होती, जिथून मंगला रोज सकाळी हातपंप मारून पाणी आणायची. सुतळीला जागोजागी गाठी होत्या.

"एक गाठ आली का पायरी," ओट्यावरून मंगरू म्हणाला. सायकलच्या चाकाच्या आवाजावरून त्यानं तिला ओळखलं होतं. "दोन आल्या का थो मोठा गोटा. तीन आल्या का बोरिंग. सोपं हाय. दिवसभर ये-जा केली आज."

त्यानं धोतराचा काठ गुडघ्यावर ओढून घेतला. तरी मंगलाला खरचटलेलं दिसलंच.

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. मग मंगरूनं विचारलं, "कसा आवाज करते वं थे तुहं मशीन? करून दाखव मले."

"मी?"

"मंग कोन? करून दाखव ना. इथं कोन हासते?"

मंगलानं पदर तोंडाशी धरून आवाज काढला. "घूंऽऽ, खट्. घूंऽऽ, खट्खट्."

मंगरू आधी हसलाच. मग हसता हसता थांबला आणि मान कलती केली. "अजून एकदा." तिनं पुन्हा केलं.

"दोघं जन बोलून राहिले माय. एक घुमनारा, एक अटकनारा. पेटी अशी बोलली असती तं मी सांगतलं असतं. याले कान लावा लागते. उद्या ने मले."

गुरुवारी सकाळी मंगलानं साहेबांना विचारलं. "माझे वडील येऊन ऐकतील, साहेब. पट्टीला हात लावणार नाहीत."

"नुसतं ऐकतील?" कृष्णरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बरं. जेवणाच्या सुट्टीत येऊ द्या."

सुट्टीच्या थोडं आधीच ती घरी जाऊन त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आली. पुलावर आल्यावर मंगरूनं पाय आवरून घेतले. नदी अजून भरलेली होती. खालून वाहणारं पाणी ऐकत तो स्वतःशीच म्हणू लागला, पेटी जुळवताना म्हणायचा तसं,

*भात्यामंधी वारा बाई, वाऱ्यामंधी सूर,*
*कान देल्ल्या मानसाले कोनी नाही दूर.*

मंगला पायडल मारत राहिली. चढावर तिला दम लागला होता.

कार्यालयाच्या दाराशी साहेबांची वाट पाहत एक म्हातारा बसला होता, आसगावचा देवाजी. सकाळपासून आलेला. आत मंगरूनं चपला काढल्या, मशीन सुरू करायला लावलं आणि कान लावला तो मशीनला नाही, टेबलाला.

"लोखंडाचा हाय?"

"हो," ताराचंद म्हणाला.

मंगरूनं दोन्ही पंजे टेबलावर पसरून दाबले. घरघर अर्ध्यावर आली. हात उचलले, पुन्हा वाढली.

"हा पाहा एक जन. पंखा हळूच बोलून राहिला, टेबलच त्याच्याहून मोठ्यानं सांगून राहिला." त्यानं पिशवीतून बनातीचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे तुकडे काढले, पेटीच्या पट्ट्यांखाली लावायचे. ताराचंदनं मशीन उचलून धरलं, मंगरूनं चारही पायांखाली दुहेरी तुकडे सरकवले. भिंतीपासून मशीन वीतभर पुढे घेतलं. घुमणं बसलं. उरलं ते फक्त खट्खट्.

"आता दुसरा. बंद कर माय. बोर्डातून पीनही काढ."

पंख्यावरची जाळी मागून, बाहेरूनच चार स्क्रूंवर बसवलेली होती. कागदाची पट्टी तिथे नव्हती. मंगरूच्या बोटांनी ते आधी चाचपून घेतलं, मंगलाकडून खात्री करून घेतली, मग पेचकस मागितला. जाळी निघाली. धुळीचा, भुशाचा एक मऊ थर हाताला लागला. तो पुसून त्यानं एकेक पातं करंगळीनं तपासलं. तिसऱ्या पात्यावर करंगळी थांबली.

"अरे वा. आला का तू."

त्यानं नखानं काहीतरी खरवडून तळहातावर घेतलं. मग जाळीच्या कडेतून आणखी चार-पाच. सगळ्यांना दिसावं म्हणून हात पुढे केला.

हळदीनं पिवळे झालेले तांदूळ होते. एकाला कुंकू लागून वाळलेलं.

"दंडारवाल्याइच्या पेटीत दर साली निघतात," मंगरू म्हणाला. "नारळ फोडतात, पेटीवर मूठभर अक्षता मारतात, आन् मंग म्हनतात मंगरू, सूर काहून फाटला?"

ताराचंदचा चेहरा उतरला. मंगलाला दसऱ्याआधीचा, खंडेनवमीच्या पूजेचा दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी तिला आणि बाबांना दीक्षाभूमीवर जायचं होतं, म्हणून ती लवकर निघायच्या बेतात दाराशी उभी होती. आत उदबत्ती, झेंडूचा हार, आणि सगळ्यांचे हात एकदम मशीनवर.

प्लायवूडच्या भिंतीआडून कृष्णराव कधी येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नव्हतं.

"काय निघालं?"

मग ताराचंदच पुढे झाला. "साहेब, मीच टाकल्या असन. मले वाटलं, नवीन लक्षुमी हाय..."

कृष्णरावांनी मंगरूच्या तळहातावरचा एक दाणा उचलला. उजेडात धरून पाहिला.

"ताराचंद, तू चिमूटभर टाकल्या होत्या. मागच्या बाजूनं मूठ मारली होती ती मी."

ते हसले नाहीत. पण दाणा त्यांनी खिशात ठेवला.

मंगलानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार बारीक गोल कापून दिले. मंगरूनं ते स्क्रूंखाली घातले आणि जाळी बसवली. मशीन पुन्हा सुरू झालं. चौघंही उभे राहून ऐकत होते. दूर कुठेतरी कोणी एकच सूर धरून बसावं, तसा आवाज येत होता.

"काळी दोन धरली यानं," मंगरू म्हणाला. "आता बेसूर होनार नाही."

कृष्णराव आपल्या खोलीत गेले. सुट्टी संपली होती. त्यांनी देवाजीला आत बोलावलं. मंगला खुर्चीवर बसली, पण तिची बोटं अक्षरांवर गेली नाहीत. ती भिंतीकडे पाहत राहिली.

"साहेब," पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, अगदी हळू, "आमच्या बोडीची पाळ खचली. औंदाच्या धानाले पुरलं पानी, पन पुढच्या सालाचं..."

मंगलानं श्वास रोखला. जोरात बोला बाबा, आता येईल. आता येईल.

"कोणत्या बाजूनं खचली?" कृष्णरावांनी विचारलं. तेही हळूच बोलत होते.

देवाजी सांगत राहिला. बराच वेळ सांगत राहिला. गेल्यावर कृष्णरावांनी ताराचंदकडून एक कागद मागवला आणि नागपूरला कळवायचा मजकूर स्वतःच्या हातानं लिहिला. मशीन इथेच राहील, गाडी पाठवू नये. मंगलाला टाइप करायला दिला. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे टाइप करू नये: पुढच्या नवमीला एकच फूल, तेही टेबलावर.

शनिवारी गाडी आली नाही.

रविवारी सकाळी मंगला चौकटीजवळ बसून सुतळीची गाठ सोडू लागली. नखांना घट्ट लागत होती.

"राहू दे वं," आतून मंगरू म्हणाला.

"कायले आता? मी हाय ना."

"तू हायेस. पन माह्यी सवय कायले मोडतं?"

तिनं गाठ सोडून दिली. मंगरू बादली घेऊन बाहेर आला. डावा हात सुतळीवर ठेवून तो निघाला. एक गाठ. पेरूच्या झाडाजवळ थोडा थांबला. दोन गाठी. मंगला जागची उठली नाही. फार जड गेलं तिला ते. थोड्या वेळानं बोरिंगचा दांडा वाजला, वर, खाली, वर, खाली.

परत येताना पाणी बरंच सांडलं. बादली अर्धीच राहिली होती. मंगलानं त्यातलंच पाणी घेऊन चहा मांडला.